ओसी कॉडिलची सही

हार्पर्स फोर्क, केंटकी
९ सप्टेंबर २०१२

प्रिय व्हर्नामावशी,

पाकीट बघून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. पत्र लिहितेय कारण शाळेच्या ईमेलवरचं अक्षरन् अक्षर कोणीही अर्ज करून मागवू शकतं, आणि तुला फोन केला की आधी डेल उचलतो. तुझ्या लेकाच्या तोंडात तीळ भिजत नाही हे तूच म्हणतेस. वाचून झालं की हे पत्र चुलीत घाल.

तू एकतीस वर्षं ज्या हजेरीच्या खिडकीत बसलीस, तिथं मला हे सहावं वर्ष. शाळा सरकारच्या त्या ‘नवी चढण’ शाळासुधार कार्यक्रमात गेली तेव्हा आपण दोघींनी नाकं मुरडली होती. खरं सांगायचं तर पहिलं वर्ष झकास गेलं. वाचन शिकवायला दोन बाई आल्या. लायब्ररीचं कुलूप निघालं. पोरगं दोन दिवस आलं नाही की घरी फोन जायला लागला. मग वरून आकडा आला. नववीत जेवढी मुलं आली त्यातली शंभरातली ऐंशी तरी चार वर्षांत डिप्लोमा घेऊन बाहेर पडली पाहिजेत. यंदाच्या बॅचला ते जमलं नाही तर वरचे वर्ग बंद, आणि आपली मुलं चाळीस मैलांवर टॉलिव्हरला.

तेव्हापासून शाळेचा चेहराच बदलला. वाचनाच्या बायांना निरोप दिला. सुतारकामाची शेड रिकामी करून तिथं कॉम्प्युटर मांडलेत. इतिहासात नापास झालेला पोरगा तिथं सोमवारी बसतो आणि गुरुवारी पास होऊन उठतो. एकाला विचारलं, काय शिकलास रे? म्हणाला, “चुकलं की तोच प्रश्न परत येतो, लॉर्नाबाई. पर्याय चारच. कधीतरी लागतंच.”

आता माझं दुखणं. या बॅचच्या पटावर एकशे वीस नावं आहेत. त्यातली अकरा जणं उन्हाळ्यानंतर आलीच नाहीत. त्यांच्यापुढं ‘शाळा सोडली’ लिहिलं तर ती हिशेबात राहतात आणि आपण बुडतो. पण आईबापांनी ‘आम्ही घरीच शिकवणार’ असं सही करून दिलं, की नावं पटावरूनही जातात आणि हिशेबातूनही. मग उरतात एकशे नऊ. त्यातली अठ्ठ्याऐंशी पास होतील, म्हणजे आपण काठावर तरलो. प्रिन्सिपॉल प्रुइटसाहेबांनी अकरा छापील फॉर्म माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाले, “लॉर्ना, तू इथली आहेस. तुला कोणी दारात अडवणार नाही.”

अकरातली एक ओसी कॉडिलची शेल्बी आहे. तिच्या आजोबांची फुप्फुसं खाणीनं खाल्ली, त्यांचं बघायला ती घरी राहिलीय. त्या घरात कोण कोणाला शिकवणार, मावशी? पण शाळा गेली तर या गावात एक चर्च आणि एक किराणा दुकान तेवढं उरेल. मला भीती वाटते. तू असतीस तर काय केलं असतंस, ते लिही.

तुझी,
लॉर्ना


हॅमिल्टन, ओहायो
१६ सप्टेंबर

लॉर्ना बाळा,

चूल कुठली आलीय इथं? डेलच्या घरात सगळं बटणावर चालतं. तुझं पत्र मी शिवणाच्या डब्यात ठेवलंय, तिथं डेल मेला तरी हात घालणार नाही.

अगं, एवढ्याशा कारणानं हातपाय गाळतेस? मी त्या खिडकीत बसून काय करत होते असं तुला वाटतं? सप्टेंबर लागला की अर्धा वर्ग डोंगरात औषधाची जिनसेंगची मुळं खणून विकायला जायचा. त्यातून हिवाळ्याचे बूट यायचे, पोरांचेच. नियमानं गेले असते तर दर वर्षी चाळीस पोरांचं वर्ष बुडालं असतं. मी काय करायची? कधी ‘आजारी’ लिहायची, कधी सरळ ‘हजर’. माझी हिरवी वही आणि माझी पेन्सिल. एका साली तर माझ्या वहीत अख्ख्या कॉडिल टेकडीला गोवर आला होता! वरून तपासायला आलेला माणूस म्हणाला, बाई, इथली साथ फार शिस्तीची दिसते, बरोबर खणायच्या दिवसांत येते. मी त्याला कॉफी पाजली आणि वाटेला लावला.

तेव्हा जा, सह्या आण. कागदासाठी पोरं नसतात, पोरांसाठी कागद असतो. शाळा राहिली तर शेल्बीला कधीतरी परत येता येईल. शाळाच गेली तर येणार कुठं? आणि कोणी कुरकुर केली तर सांग, व्हर्ना स्लोनची भाची आहे म्हणून.

ओसीला माझा नमस्कार सांग. गोड पोरगी होती. कधी त्रास नाही दिला.

तुझी मावशी


हार्पर्स फोर्क
७ ऑक्टोबर

प्रिय मावशी,

तुझ्या पत्रानं जीव भांड्यात पडला. अकराच्या अकरा सह्या आणल्या.

मला वाटलं होतं लोक प्रश्न विचारतील. कॉम्ब्सांच्या घरी डॅरिलचा बाप ट्रकखाली झोपला होता, त्यानं तिथूनच हात बाहेर काढला आणि पेन मागितला. दोन ठिकाणी मला मक्याचा ब्रेड आणि घेवड्याची आमटी खाल्ल्याशिवाय उठू दिलं नाही. फॉर्म वाचायची वेळ आली की मी हवापाण्यावर बोलायची. हे तुलाच लिहितेय.

ओसीकडं शेवटी गेले. म्हातारा खिडकीशी नाकाला नळी लावून बसला होता, शेल्बी त्याची उशी बदलत होती. ओसीनं हात पुसले. मी म्हटलं, शाळेचा फॉर्म आहे, शेल्बी सध्या घरी आहे ना, त्याचा. ती म्हणाली, “व्हर्नाबाईंच्या भाचीनं आणलाय ना? मग वाचायचं काय त्यात?” आणि केली सही. वळणदार, सावकाश, जीभ दातांत धरून. निघताना सफरचंदाच्या मुरंब्याची बरणी दिली. एक तुझ्यासाठी पण दिलीय.

शेल्बी फाटकापर्यंत सोडायला आली. म्हणाली, “लॉर्नाबाई, केमिस्ट्रीचं पुस्तक माझ्याकडेच आहे. राहू दे ना?” मी म्हटलं, राहू दे.

प्रुइटसाहेब इतके खूश झाले की कार्यक्रमाच्या सल्लागारांसमोर माझं नाव घेतलं. जिमच्या भिंतीवर पताका लावलीय, तिच्यावर फक्त ‘८०’ लिहिलंय. मुरंब्याची बरणी अजून उघडली नाही. का कोण जाणे, होत नाही.

लॉर्ना


हॅमिल्टन
१५ ऑक्टोबर

बाळा,

शाब्बास. पण मला जरा नीट सांग. पुस्तक ‘राहू दे’ म्हणजे काय? ती परत येणार आहे ना? तिचं नाव पटावर कोपऱ्यात कुठंतरी ठेवलं असशीलच, आम्ही ठेवायचो तसं. आणि मुरंबा खायचा असतो, बघत बसायचा नसतो. माझी बरणी पाठव, डेलनं घरात साखर बंद केलीय.

मावशी


हार्पर्स फोर्क
११ जानेवारी २०१३

प्रिय मावशी,

तुझ्या तीन पत्रांना उत्तर दिलं नाही. दर वेळी तू तेच विचारत होतीस. नाव कोपऱ्यात ठेवता येत नाही, मावशी. पट आता कॉम्प्युटरवर असतो, त्याला कोपरा नाही. मी बटण दाबलं त्या दिवशीच ते गेलं.

नाताळाच्या आधी शेल्बीचे आजोबा गेले. सोमवारी शाळा उघडली आणि आठ वाजता ती माझ्या खिडकीत. केस ओले, पाठीवर दप्तर, हातात ते केमिस्ट्रीचं पुस्तक. म्हणाली, “आले.”

प्रुइटसाहेब माझ्या मागंच उभे होते. आणि मी तिला नाव विचारलं. ऐकतेस ना? मी तिला तिचं नाव विचारलं, कॉम्प्युटरकडं बघत.

ती हसली. तिला वाटलं मी गंमत करतेय. “शेल्बी कॉडिल. तुम्ही आमच्या घरी येऊन गेलात की!”

साहेब पुढं झाले. अगदी गोड आवाजात म्हणाले की तिचं नाव पटावर नाही, तिच्या आईनं तिला घरी शिकवायचं ठरवलंय, आणि तिचे विषय इतके मागं आहेत की तिनं टॉलिव्हरला प्रौढांच्या परीक्षेला बसणं उत्तम. एक माहितीपत्रक दिलं. शेल्बीनं ते घेतलं, घडी घातली, आणि माझ्याकडं बघून विचारलं, “आईनं सही केली ती कशावर?”

मी म्हटलं, “फॉर्मवर.”

पुस्तक तिनं काउंटरवर ठेवलं आणि गेली. डोंगराच्या पायथ्यापर्यंत पाच मैल आहेत आणि त्या वेळेला बस नसते. ती चालत गेली असणार. मी दिवसभर खिडकीत बसले, लोकांना दाखले दिले, हसले. मला स्वतःची किळस येतेय.

लॉर्ना


हॅमिल्टन
१७ जानेवारी

लॉर्ना,

पत्र उभ्यानंच वाचलं. मग डेलनं विचारलं, काय झालं, तर त्याच्यावरच ओरडले.

तू मला विचारलंस तेव्हा हे सांगितलं नाहीस. पोरीला दाराबाहेर काढायचंय असं लिहिलं असतंस तर मी तिथं येऊन तुझे कान उपटले असते. मी खोटं लिहीत होते, अगं, पण मी ते पोराची जागा राहावी म्हणून लिहीत होते. ‘आजारी’ लिहिलं की बाक त्याचाच राहायचा. तू खोटं लिहून तिचा बाक उचललास. दोन्ही खोटंच, पण एक नाही. आणि हे करायला तू माझं नाव घेऊन लोकांच्या चुलीपर्यंत गेलीस!

मी कधी बोलले नाही, आज बोलते. दहावीत असताना नेल आजारी होती, तू तिच्या उशाशी बसून होतीस. एक्केचाळीस दिवस. माझ्या सख्ख्या बहिणीचं दुखणं, तुझी आई. माझ्या वहीत त्या एक्केचाळीस दिवसांपुढं ‘हजर’ लिहिलंय, बघून घे, वही अजून आहे. तुला वाटलं असेल की तू हुशारीवर निभावलंस. तू ज्या खुर्चीत बसून त्या पोरीला नाव विचारलंस ना, ती खुर्ची त्या एक्केचाळीस दिवसांवर उभी आहे.

तिला परत आण. कसंही.

व्हर्ना


हार्पर्स फोर्क
२७ जानेवारी

मावशी,

आणली. आता तू माझंही ऐकून घे.

कायद्यानं शाळा तिला नाही म्हणू शकत नाही, हे मला ठाऊक होतं आणि साहेबांनाही. मंगळवारी साहेब यायच्या आत तिचं नाव चढवलं. ते आले, स्क्रीन बघितली, दार लावून घेतलं. मला वाटलं नोकरी गेली. पण त्यांनी कागदावर भागाकार केला. एकशे दहात अठ्ठ्याऐंशी. बरोबर ऐंशी! पेन खाली ठेवून म्हणाले, “ठीक आहे. ही एक. पण ऐक, आता एकही नाही. बाकीच्या दहांच्या घरी तू जायचं नाहीस, त्यांना काही सांगायचं नाहीस. अजून एक नाव चढलं की शाळा बंद, आणि ती तू बंद केलीस.”

ते वाईट नाहीत. त्यांची स्वतःची दोन पोरं याच शाळेत आहेत.

म्हणजे शेल्बी आत आली आणि शाळाही राहते. फक्त मी गप्प राहायचं. असं वाटतं, आता पुरे, राहू दे. राहू दे ना, मावशी?

पण तुझ्या पत्रातलं एक मला सोसलं नाही. शेल्बीला आणायला ओसीकडं गेले तेव्हा परत एक फॉर्म होता. या वेळी मी म्हटलं, ओसी, वाच आधी. तिनं तो हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि मग माझ्याकडं बघून ओशाळं हसली. तिला वाचता येत नाही, मावशी. नाव काढता येतं, बस. नववीपर्यंत शाळेत होती ती! म्हणाली, “सप्टेंबर-ऑक्टोबर आम्ही डोंगरात. परत यावं तर पुस्तक पुढं गेलेलं. मागं बसायची, गप्प. पण हजेरी कायम भरलेली हं, तुझ्या मावशीची मेहेरबानी.” टोमणा नव्हता त्यात. तिनं ते मनापासून म्हटलं.

बाक राहिला तिचा, तुझ्या पेन्सिलीनं. त्या बाकावर काय शिकली हे कोणी बघितलं? तू बघितलंस? ती गोड पोरगी होती, त्रास द्यायची नाही. मी खोटा कागद घेऊन गेले आणि तिनं न वाचता सही केली, कारण तिला वाचता येत नव्हतं आणि तो तुझ्या नावावर आला होता. त्या सहीत आपण दोघी आहोत.

लॉर्ना


हॅमिल्टन
२० फेब्रुवारी

लॉर्ना,

तीन पत्रं लिहून फाडली. पहिल्यात तुला शिव्या होत्या, दुसऱ्यात रडगाणं. तिसरं ओसीला लिहायला घेतलं, तिची माफी मागायला. अर्धं झालं आणि मग लक्षात आलं की ते तिला वाचून कोण दाखवणार.

हिरव्या वह्या काढून बसले होते. एकतीस आहेत. डेलची बायको म्हणाली, आई, जुन्या याद्या काय बघता? ओसी चार वह्यांत सापडली. एकही दिवस गैरहजर नाही. मी अभिमानानं लोकांना सांगायची, माझ्या खिडकीतून एक पोरगं गळलं नाही म्हणून. मला कोणी विचारलं नाही, आणि मी पण कोणाला विचारलं नाही.

त्या दहांचं काय करू असं तू विचारलंयस. मी सांगणार नाही. मागच्या वेळी सांगितलं होतं.

एक कोरी हिरवी वही उरली होती, ती पाठवतेय. पेन्सिल तुझी तू घे. काय कारण आहे ते माहीत नाही, पण पाठवतेय.

मावशी


हार्पर्स फोर्क
१८ ऑगस्ट २०१३

प्रिय मावशी,

तुला बातम्या कोणाकोणाकडून पोचल्या असतील, आणि मी कशी वेडी झाले तेही. आता माझ्याकडून ऐक.

मार्चमध्ये मी दहाही घरी गेले. फॉर्म बरोबर नेला आणि मोठ्यानं वाचून दाखवला, तुम्ही यावर सही केली होती, याचा अर्थ असा होता, मूल आलं तर शाळेला घ्यावंच लागेल. एकानं कुत्रा सोडला. एकीनं तुझं नाव घेऊन काय म्हटलं ते लिहीत नाही. सात जणांना परत यायचंच नव्हतं. दोघं गाव सोडून गेली होती. आणि दुसऱ्या सोमवारी डॅरिल कॉम्ब्स खिडकीत आला, बापाचा कोट घालून. मी त्याचं नाव विचारलं नाही. सरळ चढवलं.

एकशे अकरात अठ्ठ्याऐंशी. ऐंशीला पाऊण टक्का कमी पडला. मे महिन्यात वरचे वर्ग बंद करायचा निर्णय आला. पताका उतरवताना रखवालदारानं मला विचारलं, “तुला पाहिजे का ही?” चर्चमध्ये आमच्या बाकावर मी एकटीच बसते. प्रुइटसाहेबांची बदली झाली. जाताना त्यांनी हात पुढं केला. ज्या बायकांबरोबर मी लहानाची मोठी झाले त्या दुकानात माझ्यासमोरून ढकलगाडी वळवून नेतात. त्यांचं चुकत नाही. त्यांच्या पोरांना आता पहाटे उठावं लागतं. मला रडू येतं, पण पश्चात्ताप होत नाही, आणि हे दोन्ही एकदम कसं होतं हे मला सांगता येणार नाही.

खिडकी बंद झाली तशी माझी नोकरीही. टॉलिव्हरच्या बसला ड्रायव्हर मिळत नव्हता, एवढ्या घाटात कोण चालवणार! मी जूनमध्ये परवाना काढला. हस नकोस. वळणावर हॉर्न देते आणि देवाचं नाव घेते. टॉलिव्हरलाही कॉम्प्युटरची शेड आहे, मी बघितली. पण तिच्या शेजारी सुतारकामाचीही आहे.

बुधवारी पहिला दिवस. तुझी हिरवी वही स्टिअरिंगजवळ ठेवली होती, कोण चढलं ते लिहायला. कॉडिल टेकडीच्या पायथ्याशी थांबले. कोणी नाही. नियमानं दोन मिनिटं, मी सहा थांबले. मग शेल्बीच्या नावापुढं ‘गैरहजर’ लिहिलं. मावशी, माझा हात किती जड झाला! गुरुवारी तेच. डॅरिल मागून म्हणाला, “लॉर्नाबाई, तिला घाट नको झाला असेल.” मी म्हटलं, गप बस.

शुक्रवारी दोघी उभ्या होत्या. शेल्बी दप्तर घेऊन, आणि तिच्यापुढं ओसी, कामाच्या कपड्यांत, वाट अडवून. बसच्या प्रवासाला पालकांची सही लागते, तो फॉर्म मी घरी पाठवला होता. तो तिच्या हातात होता, कोरा.

मी दार उघडलं. म्हटलं, “ओसी, खाली सही कर फक्त, उशीर होतोय.” सवयीनं गेलं तोंडातून.

ती पायरी चढून आत आली. सगळी बस बघत होती. तिनं कागद माझ्या मांडीवर ठेवला.

“आधी वाचून दाखव,” ती म्हणाली. “सगळं. आणि जिथं माझं नाव येईल तिथं बोट ठेव.”

मी इंजिन बंद केलं आणि वाचलं. दोन पानं होती, मागची बारीक अक्षरं पण वाचली. दोन ठिकाणी तिनं थांबवून विचारलं, म्हणजे काय? शेवटी तिनं पेन घेतला, जीभ दातांत धरली आणि सही केली, तशीच, वळणदार, सावकाश. मग शेल्बीला वाट करून दिली.

टॉलिव्हरला नऊ मिनिटं उशिरा पोचलो. कारण विचारलं तेव्हा मी जे होतं ते लिहिलं.

तुझी,
लॉर्ना